सात मिनिटांचा निकाल

पडद्यावर वासंती गुप्तेचं तोंड हलत होतं आणि त्यातून भलत्याच बाईचा आवाज येत होता.

एवढ्याने तिला काही वाटलं नसतं. जर्मनीत परदेशी सिनेमे जर्मन आवाज चढवून दाखवतात, हे तिला ठाऊक होतं. पण हा आवाज जर्मन बोलताना अडखळत होता, 'र' जिभेवर घोळवत होता, दर वाक्याच्या शेवटी गाणं म्हटल्यासारखा हेल काढत होता. सिनेमातली बाकी सगळी माणसं, आरोपी, वकील, अगदी न्यायालयाचा शिपाईसुद्धा, स्वच्छ जर्मन बोलत होती. तुटकं बोलत होती ती एकटी न्यायाधीश. म्हणजे वासंती.

सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेल्या ईप्सिताला हसू आवरेना. ती वासंतीच्या भाचीची, ऊर्मिलाची, बारा वर्षांची मुलगी. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र जर्मनमधून यायचं. ती हसतहसत काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतेय?" वासंतीने विचारलं.

"काही नाही गं आत्या," ऊर्मिला म्हणाली.

"ऊर्मिला. काय म्हणाली ती?"

"म्हणाली, ही बाई अशी का बोलते?"

"मलाही तेच विचारायचंय," वासंती म्हणाली, आणि तिने रिमोट उचलून सिनेमा बंद केला. समोरच्या पोह्यांना तिने हातही लावला नाही.

ऊर्मिला तिच्या पुण्यातल्या चुलतभावाची मुलगी. इंगोलश्टाटमध्ये गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होती. तिथल्या एका छोट्या फिल्म क्लबने वासंतीचा हा सत्तावीस वर्षांपूर्वीचा सिनेमा दाखवायचं ठरवलं, तिला पाहुणी म्हणून बोलावलं, आणि त्या निमित्ताने ती अमेरिकेहून पाच आठवडे भाचीकडे राहायला आली होती. क्लबच्या हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रांडलनी आधी बघून घ्यायला म्हणून सिनेमाची जर्मन प्रत पाठवली होती. ती हीच.

वासंती पाच वर्षांची असताना कोल्हापूर सोडून आईवडिलांबरोबर ओहायोतल्या टोलीडोला गेली. वडील काचेच्या कारखान्यात केमिस्ट होते. घरात मराठी, बाहेर ओहायोची इंग्रजी, आणि दोन्ही तिच्या तोंडात सारख्याच मुरलेल्या. बाविसाव्या वर्षी ती न्यूयॉर्कला गेली ती नाटकात काम करायचं म्हणूनच. तिच्या पहिल्या एजंटने नाव बदलून व्हनेसा कर म्हटलं. तिने नाव ठेवलं आणि एजंट बदलला. अकरा वर्षं तिने तळघरातल्या, चर्चमागच्या, मिळतील त्या रंगमंचांवर नाटकं केली. तिथे तिला राण्या मिळाल्या, खुनी मिळाल्या, एकदा तर म्हातारा पाद्री मिळाला. सिनेमाने बोलावलं तेव्हा मिळाली दुकानदाराची बायको, मग हात बघणारी, मग पुन्हा दुकानदाराची बायको. आणि दर वेळी शॉटच्या आधी कुणीतरी जवळ येऊन गोड आवाजात सांगायचं, जरा तिकडच्यासारखं बोल ना.

मग ही न्यायाधीश आली. तिसऱ्या दिवशी दिग्दर्शकाने तेच सांगितलं.

"ही बाई ओहायोत वाढलीय," वासंती म्हणाली. "मीही तिथेच वाढले. तो उच्चार आणू कुठून?"

"लोकांना पटायला हवं."

"मग त्यांना नीट बघायला सांगा."

ती काळा झगा घालून न्यायासनावर बसून राहिली. दोन तास. दिवे तापले, लोक कुजबुजले, निर्मात्याचा फोन आला. ती उठलीही नाही आणि बोललीही नाही. शेवटी त्यांनी कॅमेरा सुरू केला आणि तिने निकालाचं सात मिनिटांचं भाषण आपल्या आवाजात एका दमात म्हटलं. सिनेमा गाजला तो त्या भाषणामुळे. पुढची चार वर्षं तिला एकाही सिनेमाचा फोन आला नाही. अडेलतट्टू बाई, असं नाव झालं होतं. ती कॉलेजात वाचिक अभिनय शिकवू लागली, नाटकं करत राहिली, आणि मनात म्हणायची, ते भाषण तरी माझं आहे.

आता अडुसष्टाव्या वर्षी तिला कळलं होतं, की सगळ्या जर्मन मुलखात ते तिचं नव्हतंच.

"जाऊ दे ना आत्या," ऊर्मिला म्हणाली. "सवय असते त्यांना. मी मीटिंगमध्ये काही सांगितलं की आमचा बॉस तेच वाक्य नीट करून परत म्हणतो. मी 'गेनाऊ', अगदी बरोबर, म्हणते आणि खाली बसते."

"का बसतेस?"

ऊर्मिला उठली. पोहे गरम करायला घेऊन गेली.

हेर ब्रांडलना फोन लावला. मूळ इंग्रजी प्रत दाखवा, वासंती म्हणाली. ते नम्र होते. हक्क फक्त जर्मन प्रतीचे मिळालेत, शिवाय आमचे प्रेक्षक वयस्कर, त्यांना पडद्याखालच्या भाषांतराच्या ओळी वाचवत नाहीत.

"मग ती सात मिनिटं आवाज बंद ठेवा. मी पडद्याशेजारी उभी राहून बोलते."

"जर्मनमध्ये?"

"जर्मनमध्ये."

"तुम्हाला जर्मन येतं?"

"अजून नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांची ईमेल आली. सिनेमात कोणताही बदल करायला करारानुसार परवानगी नाही, क्षमस्व.

वासंतीने ती ऊर्मिलाकडून वाचून घेतली आणि म्हणाली, "आता मला तो आवाज कुणाचा आहे ते शोधून दे."

आवाज रेनाटे क्योल्बल नावाच्या बाईचा निघाला. वय सत्त्याहत्तर, मुक्काम गार्चिंग. वासंती आधी आगगाडीने म्युनिकला आणि तिथून विद्यार्थ्यांनी भरलेल्या यू-बान या भुयारी रेल्वेने तिच्या दारात पोचली, ती भांडायच्या तयारीनेच. रेनाटेने दार उघडलं, तिच्याकडे नीट पाहिलं आणि उत्तम इंग्रजीत म्हणाली, "तुमची हनुवटी मला पाठ आहे. या."

चहा झाला. वासंतीने सरळ विचारलं, "असं का बोललात?"

"मला सांगितलं, बाई भारतीय आहे, तसं बोल. मी तोवर एकाही भारतीय माणसाशी बोलले नव्हते. मनाने एक सोंग काढलं आणि एका सकाळीत काम संपवलं."

"लाज नाही वाटली?"

"तेव्हा? छे. सगळे म्हणाले, काय झकास जमलंय."

"जमलंय खरंच," वासंती म्हणाली. "म्हणून तर राग येतोय."

रेनाटेने कप बाजूला सरकवला. "मूळ सिनेमा मी तेव्हा कानाने ऐकलाच होता," ती म्हणाली. "तुम्ही सरळ बोलत होतात, हे मला कळलं होतं. मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही."

"मग आता शिकवा. मला जर्मन शिकायचं नाही. फक्त ती सात मिनिटं शिकायचीत. अडीच आठवडे आहेत."

"वेड लागलंय तुम्हाला."

"लागलंय ना. उद्या किती वाजता येऊ?"

रेनाटे मास्तरीण म्हणून कडक निघाली. घशातल्या एका 'ख'साठी तिने वासंतीला पाऊण तास राबवलं. जर्मन क्रियापद बऱ्याचदा वाक्याच्या शेवटी येतं आणि पडद्यावरचं तोंड त्याआधीच मिटतं, म्हणून दोघींनी एकेक वाक्य ओठांच्या मापाने पुन्हा बेतलं. वासंती भाजी चिरताना बोलायची, आंघोळ करताना बोलायची. ईप्सिता जेवताना तिच्या चुका काढायची, आणि चूक नसली की नुसती मान हलवायची.

"मी खूप प्रयत्न केला तरी तुमचा अमेरिकन हेल जाणार नाही," रेनाटे शेवटच्या दिवशी म्हणाली.

"जायला नकोच आहे. तो माझा आहे. तुम्ही लावलात तो कुणाचाच नव्हता."

प्रयोगाच्या सकाळी वासंतीने ऊर्मिलाला विचारलं, "आवाजाचं बटण कुठे असतं, तुला कळेल ना?"

ऊर्मिलाचा चेहरा उतरला. "आत्या, माझ्या ऑफिसचे चौघं येणारेत. बॉससुद्धा. मला हे नको सांगूस."

"बरं," वासंती म्हणाली. "मग मी त्या आवाजाच्या वरून ओरडेन."

रविवारी दुपारी तीनला हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. रेनाटे दुसऱ्या रांगेत काठी टेकून बसली होती. सिनेमा नीट चालला. न्यायाधीश बोलू लागली की इथेतिथे थोडं हसू फुटायचं, दुष्टपणाचं नव्हे, सवयीचं. निकालाचा प्रसंग आला तशी वासंती उठली, तीन पायऱ्या चढली आणि पडद्याच्या कडेला उभी राहून बोलू लागली.

पहिलं अर्धं मिनिट भयंकर गेलं. स्पीकरमधला आवाज तिच्यावर स्वार झाला होता. दोन बायका एकाच वेळी एकच निकाल देत होत्या आणि कुणाचंच काही कळत नव्हतं. हेर ब्रांडल उभे राहून "फ्राऊ गुप्ते, बिटे!" अशी विनवणी करत हात हलवत होते. तिने आवाज चढवला.

आणि एकदम स्पीकर गप्प झाले.

वासंतीने बोलता बोलता मागे पाहिलं. शेवटच्या भिंतीशी, आवाजाच्या यंत्रापाशी ऊर्मिला उभी होती. बटणावर हात तसाच दाबून, मान ताठ. ब्रांडल तिच्याकडे धावले. ऊर्मिला सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा जर्मनमध्ये म्हणाली, "मी हात काढणार नाही. बसा आणि ऐका." तिच्या बॉसने हे वाक्य नीट करून परत म्हटलं नाही.

वासंती बोलत राहिली. मध्ये एक शब्द निसटला, पडद्यावरचे ओठ पुढे गेले. तिने एक अख्खं वाक्य गाळलं आणि पुढच्या वाक्याला त्यांना गाठलं. मागून एक म्हातारा ओरडला, "लाउटर!" मोठ्याने बोला. तिला एवढाच एक शब्द अभ्यासाबाहेरचा कळला, आणि ती मोठ्याने बोलली. शेवटचं वाक्य आणि पडद्यावरच्या बाईचे मिटणारे ओठ बरोबर एकत्र आले.

टाळ्या काहींनी वाजवल्या. काहींनी मुद्दाम वाजवल्या नाहीत. एक बाई जवळ येऊन म्हणाली, आधीचा आवाजच गोड होता हो. रेनाटे काठी आपटत म्हणाली, "तो माझा होता आणि तो खोटा होता." हेर ब्रांडलनी आणलेला पुष्पगुच्छ दिलाच नाही. घेऊन घरी गेले.

सिनेमाचे जर्मन हक्क असलेल्या कंपनीचं पत्र दहा दिवसांनी आलं. जुना आवाज बदलला जाणार नाही, आणि पुन्हा असा प्रकार केल्यास कायदेशीर कारवाई होईल. ऊर्मिलाने ते पूर्ण वाचून दाखवलं.

त्याच आठवड्यात बॉनच्या काही विद्यार्थ्यांनी लिहिलं होतं. त्यांनी त्या दुपारबद्दल ऐकलं होतं, त्यांनाही हा सिनेमा दाखवायचा होता. आवाज बंद करायला त्यांची हरकत नव्हती, कंपनीची असेल तर त्यांना ठाऊक नव्हतं.

"आत्या, परतीचं तिकीट सोमवारचं आहे," ऊर्मिला म्हणाली. "आणि हे कंपनीवाले खरंच कोर्टात जातील."

"जाऊ देत. तिथे निकाल कसा द्यायचा ते मला येतं." वासंतीने चष्मा काढून पुसला. "तिकीट पुढे ढकल. आणि रेनाटेला फोन लाव. ते गाळलेलं वाक्य अजून पक्कं करायचंय."

ऊर्मिलाने फोन लावला. मग बॉसला दोन दिवसांच्या रजेचं लिहिलं. कारण विचारलं होतं तिथे तिने लिहिलं, बॉनला काम आहे.