नारीनमधून सगळं हिरवं दिसत होतं

"नारीनमधून सगळं हिरवं दिसत होतं म्हणतोस? नारीनमध्ये कोण मरत होतं, तुरात?" आमच्या साहेबीण कान्यशाय एजेनं चहाची वाटी आपटली.

"एजे, मी इथं ऑफिसात पडद्यावर तपासलं होतं, सगळी गावं हिरवी. चाएकचा राउटर बोलत होता, कोचकोरचा बोलत होता."

"तुझ्याशी. एकमेकांशी?"

आमच्यात थोरल्याला आके म्हणतात, थोरलीला एजे; तुरात आके मला सख्ख्या भावासारखा. माझं डोकं फिरलं. "चाएक घाईत जोडायला लावलं कुणी? तुम्हीच ना?"

"शाळा सोडलीस तशी नोकरीपण सोडायचीय का?" एजे मला म्हणाली.

आम्ही डोंगरातल्या गावांना इंटरनेटनं जोडतो, प्रत्येक गावात एक राउटर. नारीनचा मधला राउटर ह्या गावाच्या डेटाचे रस्ते त्या गावाला सांगतो, म्हणून त्याला रिफ्लेक्टर म्हणतात. पण गावं आपापसात थेट बोलायला लागली की मधल्यानं तेच परत कशाला सांगायचं? आकेनं एक ओळ टाकून ते बंद केलं. बरोबरच होतं ते. फक्त चाएक नवं, त्याची कोचकोरशी थेट जोडणी करायची राहिलेली. नारीनला दोघं दिसत होती. एकमेकांना नाही.

त्या दिवशी बर्फानं घाट बंद, मोबाइलचा टॉवर आडवा. चाएकच्या म्हाताऱ्या बात्मा आपाच्या छातीत कळ आली. चाएकच्या दवाखान्यानं तिचा हृदयाचा आलेख कोचकोरच्या डॉक्टरकडे पाठवला. परत पाठवला. तिकडे काहीच पोचलं नाही, डॉक्टर रिकामा बसलेला. संध्याकाळी आपा गेली.

आज घाट उघडला, तसा आके म्हणाला, "मी चाएकला जाणार."

"मार खाशील."

"खाईन. गाडी काढ."

आमच्यात मयताच्या युर्तकडे, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूकडे, पुरुषानं लांबूनच मोठ्यानं रडत जायचं. दारातले रडूनच उत्तर देतात, मिठी मारतात. मगच आत जायचं. आके "आई गं, माझी आई" करत निघाला. दारात आपाचा मुलगा कुबात काठीवर वाकून उभा. हा कोण, काय करून आलाय, त्याला सगळं कळलेलं. मागून आलेल्या म्हाताऱ्याला त्यानं रडून उत्तर दिलं, मिठी मारली, आत सोडलं.

आकेला नाही.

आके पुन्हा रडला. आवाज फाटला. कुबात त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिला.

मी गाडी चालू ठेवून बसलोय. बर्फ परत पडायला लागलाय, घाट बंद होईल. आके अजून तिथंच उभा आहे, अधूनमधून तीच रडती हाक मारतोय. त्याला आणायला पाहिजे. मला आता गाडीतून उतरावं लागेल.