सव्वीस मिनिटांचा रिव्ह्यू

बुधवारी दुपारपर्यंत माझ्या रिव्ह्यूला चौतीस अंगठे आले होते आणि मी शाळेतून घरी चालत नाही, तरंगत आले होते.

आमच्या सिल्व्हर पार्कमधल्या फिल्म क्लबमध्ये बहुतेक सगळे काका-काकूच आहेत. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी सोसायटीच्या हॉलच्या खिडक्यांना काळे कागद चिकटवायचे आणि सिनेमा बघायचा. भुताचा, विचित्र, डोक्यावरून जाणारा, कुठलाही. दोन सिनेमे सुचवले जातात, एकेक मेंबर ते आधी घरी बघून ग्रुपवर रिव्ह्यू टाकतो, मग मतदान. दहावीतल्या मुलीला हे काम पहिल्यांदाच मिळालं होतं. क्लब चालवणारे हरिश्चंद्रकाका म्हणाले होते, "रुचिता, तू भुतं चहात बुडवून खातेस. तूच लिही."

माझ्या वाट्याला आला पाली कोळीवाड्यातल्या सुलूताईंनी फोनवर शूट केलेला सिनेमा, 'एक जास्त'. एक बाई रोज सकाळी वाळत घातलेले बोंबील मोजते आणि संध्याकाळी त्यात एक जास्त असतो. रोज. बस, एवढंच. कल्पना ऐकूनच माझ्या हातावर काटा आला होता.

पण बघताना नाही आला. म्हणून मी लिहिलं: "या सिनेमातलं भूत घाईत आहे. त्याला बहुतेक भाईंदरची बस पकडायची आहे. बाई धावत मोजते, लाटा मिक्सरमध्ये टाकल्यासारख्या, भीती बसायच्या आत पुढचा सीन. अवघ्या सव्वीस मिनिटांत एवढी सुंदर गोष्ट कच्चीच ताटात वाढली आहे."

भाईंदरच्या बसवर सगळे फिदा झाले. मतदान एकतीस विरुद्ध नऊ. सुलूताईंचा सिनेमा बाद, रविवारी परदेशी झोंबीपट.

आणि मग अनोळखी नंबरवरून फोन.

"रुचिता काय गो? मी सुलू, पालीवरनं."

ताई भांडणार, आता शिव्या बसणार.

"रिव्ह्यू वाचला तुझा," त्या म्हणाल्या. "बसचं वाचून मीच हसले. पन एक इचारू? सव्वीस मिनिटं कुठनं आनलीस? आमचा पिक्चर एकोनचाळीस मिनिटांचा हाय."

"मी घड्याळ लावून बघते, ताई. वहीत लिहिलंय. पाच दहाला सुरू, पाच छत्तीसला संपला."

"मंग फाइल तुटली असंल गो. आमच्याकडं नेट धड न्हाय. तुझी चूक न्हाय ती."

"हो... बहुतेक," मी म्हणाले.

फोन ठेवला आणि टॅब उघडला. फाइल तुटलेली नव्हती. कोपऱ्यात बारीक अक्षरात दिसत होतं: १.५.

गणिताच्या सरांचे व्हिडिओ मी दीडपट वेगाने बघते. आमच्या वर्गात सगळेच बघतात, नाहीतर सरांचं एक समीकरण सुटेपर्यंत माणूस म्हातारा होईल. त्याच प्लेयरवर मी सुलूताईंचा सिनेमा लावला होता. भूत घाईत नव्हतं. घाईत मी होते.

संजनाला बोलावलं. ती माझी सगळ्यात जवळची मैत्रीण, त्यामुळे आधी पाच मिनिटं कॉटवर लोळून हसली.

"हसू नको ना! काय करू?"

"काही नाही करायचं. त्या स्वतःच म्हणाल्या ना, फाइल तुटली? विषय संपला."

"पण सिनेमा बाद झाला माझ्यामुळे."

"आणि तू सांगितलंस तर तू बाद होशील. परत कोण देईल तुला लिहायला? सगळे म्हणतील, लहान मुलगी आहे, जाऊ दे."

नेमकं तेच तर मला नको होतं. वर्षभर मी त्या हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर गप्प बसायचे. आता कुठे काकू लोक लिफ्टमध्ये मला विचारायला लागल्या होत्या, काय बघू गं?

"आधी नीट बघू," मी म्हणाले.

वेग एकवर आणला. लाट आली, आणि येतच राहिली. बाई मोजायला लागली. एक. दोन. तीन. प्रत्येक आकड्यानंतर ती थांबत होती आणि त्या थांबण्यात अगदी हळू, दुसरं कुणीतरी तोच आकडा म्हणत होतं. दीडपट वेगात मला तो घुमणारा आवाज वाटला होता. संजनाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं उमटली.

"रुचे, बंद कर."

"नाही."

एकोणचाळीस मिनिटं झाली तेव्हा आम्ही दोघी भर उजेडात भिंतीला टेकून बसलो होतो. संजना उठून पाणी प्यायली आणि म्हणाली, "सांगून टाक."

मी ग्रुपवर लिहिलं. नटवलं नाही. "मी हा सिनेमा चुकून दीडपट वेगाने बघितला. फाइल ठीक आहे, चूक माझी. माझा रिव्ह्यू धरू नका. सुलूताई, मी फोनवर 'बहुतेक' म्हणाले तेही चुकीचं होतं. सॉरी."

दात काढणारे चेहरे धडाधड आले. बबनकाकांनी लिहिलं, "म्हणून म्हणतो, मोठ्यांना लिहू द्या." ते वाचून मी फोन उशीखाली कोंबला. तो वाजला. हरिश्चंद्रकाका.

"बबनकडे लक्ष देऊ नकोस, तो स्वतः बातम्या दुप्पट वेगाने ऐकतो. पण ठरलेला सिनेमा मी बदलणार नाही. मतदान म्हणजे मतदान."

"काका, झोंबी चारला आहेत ना? तीनला हॉल रिकामा असतो."

काका हसले. "रविवारी तीन म्हणजे लोकांची झोपायची वेळ. माणसं तू आणायचीस."

तीन दिवस मी आणि संजना चार बिल्डिंगांच्या बेल वाजवत फिरलो. "भैया, मम्मी को बोलना संडे तीन बजे," पासून "केम छो आंटी" पर्यंत सगळं केलं. कोणी "आप ही वो डेढ़ स्पीडवाली हो ना?" विचारलं की मी हो म्हणायचे. त्या एका प्रश्नावरच निम्मे लोक यायला तयार झाले.

रविवारी बेचाळीस माणसं होती, बबनकाकांसकट. पालीहून सुलूताई आणि सिनेमातली बाई, म्हणजे त्यांची मावशी शेवंती. तिसऱ्यांदा बाई मोजायला बसली तेव्हा हॉलमध्ये कुणी वारा घ्यायला कागदही हलवत नव्हतं. मागून कुणीतरी कळवळून म्हणालं, "अरे, मत गिन!"

संपल्यावर तो जास्तीचा बोंबील कोण, यावरून तीन भाषांत भांडण पेटलं. झोंबी सव्वाचारपर्यंत ताटकळले.

सुलूताई गर्दीतून माझ्याकडे आल्या. "आता बरोबर बघितलास. आता खरं सांग, कसा हाय?"

सगळे ऐकत होते. नुसतं भारी म्हणून सुटता आलं असतं.

"खूप घाबरले, ताई. पण शेवटचं गाणं नको होतं. गाणं लागलं आणि माझी भीती गेली."

सुलूताईंनी कमरेवर हात ठेवले आणि मावशीकडे वळल्या.

"ऐकलंस, मावशे? मी काय बोललेले? तुझ्या लेकाला सांग, गानं काढतेय म्हनून!"

"सांग तूच," शेवंतीमावशी म्हणाल्या, "त्यानंच गायलंय, त्यो रडंल." मग माझा हात धरून मला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. "अजून काय खटकलं, बोल. मी न्हाय रडत."

मी वही उघडली.