चार मंगळवार

"सात नंबर खोलीच्या पाण्याचा रिपोर्ट खराब आलाय," व्यवस्थापक जोआना मॅडम म्हणाल्या. "दर मंगळवारी नळ सोडतोस ना रे तिथले?"

"हो," चंद्रप्रकाश म्हणाला. खोटं बोलायची सवय नसल्याने तो हे जरा मोठ्यानेच म्हणाला.

चारकोपच्या या वृद्धाश्रमात टाकी, पंप, गिझर सगळं त्याच्याकडे. खोली रिकामी झाली की पाइपात पाणी साचून राहतं, त्यात जंतू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून म्हाताऱ्या माणसांच्या छातीत जातात. म्हणून रिकाम्या खोलीतले नळ आणि शॉवर आठवड्यातून एकदा पाच मिनिटं कडक गरम पाण्याने वाहते ठेवायचे. हे त्यानेच सगळ्या आयाबायांना इतक्या वेळा ऐकवलं होतं, की त्या त्याला मागून 'पाच मिनिटं' म्हणत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सात नंबर ही मार्कसची खोली. मार्कस महिन्यापूर्वी गेला. बायको वारल्यापासून चंद्रप्रकाशला घरी जायची घाई नसे. ड्यूटी संपली की तो मार्कससमोर पत्ते घेऊन बसायचा. मार्कस खुशाल लबाडी करायचा आणि हा खुशाल हरायचा. जगात तेवढं एकच माणूस त्याची वाट बघत असे. आता त्या दाराशी गेलं की कडीवर ठेवलेला हात मागे यायचा. मग तक्त्यावर बरोबरची खूण करून तो खाली उतरायचा. असे चार मंगळवार गेले.

आणि काल शेजारच्या आठ नंबरमधल्या एडना आंटींना ताप भरला. खोकला, धाप. रात्रीच त्यांना हॉस्पिटलमध्ये हलवलं होतं. दोन्ही खोल्यांचा पाइप एकच.

जेवणाचा डबा न उघडताच तो पुन्हा मॅडमच्या केबिनमध्ये गेला.

"मॅडम, मी मार्कसच्या खोलीत गेलोच नाय. चारी खुणा खोट्या. आंटींच्या डॉक्टरला सांगा, पाण्यातनं झालं असेल म्हणून."

 "जमत नव्हतं तर बोलायचंस ना. मी प्रेमा आयाला पाठवलं असतं," एवढंच म्हणून मॅडमनी फोन उचलला.

आंटींच्या तपासणीत तेच जंतू निघाले. डॉक्टरांनी औषध बदललं. चंद्रप्रकाशने तोंडाला मास्क बांधून सात नंबर उघडला, शॉवरची क्षार धरलेली जाळी काढून फेकली आणि गरम पाणी सोडलं. मार्कसच्या रिकाम्या पलंगाकडे पाठ करून तो रडला.

सहाव्या दिवशी आंटींचा ताप उतरला. तो हॉस्पिटलमध्ये भेटायला गेला, पण पलंगाच्या पायथ्याशीच उभा राहिला.

"जोआनाने सांगितलंन मला," आंटी म्हणाल्या.

"चुकलो आंटी. तुमचं काय झालं असतं तर…"

"झालं नाय ना." त्या थांबून दम घेत होत्या. "पण कधीतरी मी जाणारच. तेव्हा माझ्या खोलीत येशील, का दारातनंच परत फिरशील?"

"येईन."

"नक्की? प्रेमाला नको पाठवूस. तूच ये."

चंद्रप्रकाशने मान डोलावली. मग पलंगाशेजारचं स्टूल ओढून तो बसला.