माझ्याखालची माती

मी एक जुना, चिंध्या झालेला प्लास्टिकचा कागद आहे. सध्या परदेशातल्या, हिवाळ्यात बर्फ पडणाऱ्या कनाटा गावातल्या एका घराच्या मागच्या दाराशी, पिशवीत पडून आहे. मित्रांनो, मला कचरा म्हणण्याआधी माझे दोन शब्द ऐकाल का?

मी नवा होतो तेव्हा काचेसारखा पारदर्शक होतो. हेमचंद्रकाकांनी मला आणलं ते सुरेखाकाकूंच्या शेवंतीसाठी. काकूंचा नेमच आहे, फुलांच्या दिवसांत देवाला घरच्या वाफ्यातलंच फूल वाहायचं. पण अलीकडे रोपं माना टाकू लागली होती. उपटून पाहावं तर मुळांना गाठीच गाठी. मातीतल्या बारीक किड्यांचं ते काम. आणि गवत तर विचारूच नका.

"बाबा, इथे टर्फ, म्हणजे प्लास्टिकचं गवत, टाकू या. मेंटेनन्सच नको," त्यांचा मुलगा जयदीप म्हणाला.

"आधी तुझ्या डोक्यावर टाक. तिथेही विरळ झालंय," काका म्हणाले.

सगळे हसले. खरं तर काकांचं दुखणं बरं होण्यातलं नव्हतं, हे त्या घरात प्रत्येकाला ठाऊक होतं.

जुलैत काकांनी बसत-उठत वाफा सपाट केला. जयदीपने माती पाण्याने भिजवली, मला ताणून अंथरलं आणि माझ्या कडा मातीत पुरल्या. ऊन माझ्यातून आत जाई, पण ऊब बाहेर पडत नसे. माती अशी तापे, की हात ठेववत नसे. त्या तापाने वरच्या थरातले किडे मरत, गवताचं बी मरे. काकू रोज सकाळी सूर्याला अर्घ्य देत आणि मग माझ्यापाशी येऊन हात जोडत. "माझ्या फुलांपायी जीव जातायत. क्षमा कर रे देवा." ऐकून मला वाईट वाटे. मग काका खुर्ची ओढून शेजारी बसत, माझ्या आतल्या बाजूला जमलेले थेंब पाहत आणि म्हणत, "छान चाललंय हं तुझं." तेवढं कौतुक मला दिवसभर पुरे.

एकदा काकू त्यांच्याजवळ येऊन बसल्या.

"ऐका ना. कागद काढू या. नर्सरीतून फुललेली रोपं आणून लावते. तुमच्या डोळ्यांसमोर फुलं असतील तरी."

"आत्ता काढला तर किडे राहतील. पुढल्या वर्षी पुन्हा तेच रडगाणं."

"पुढलं वर्ष कुणी पाहिलंय?" काकू बोलून गेल्या आणि त्यांनी तोंडाला ओढणी लावली.

काका हळूच म्हणाले, "तू पाहशील ना."

काकूंनी मला हात लावला नाही.

ऑगस्ट सरता सरता काका गेले. घर माणसांनी भरलं आणि मग रिकामं झालं. मला उचलायची वेळ केव्हाच टळून गेली. कुणाला आठवलंच नाही. उन्हाने मी कडक झालोच होतो, बर्फाखाली तडकलो. एप्रिलच्या वाऱ्यात माझे तुकडे झाले. काही उडाले, बरेचसे मातीत रुतले. ज्या मातीसाठी मी तापलो, तीच मी घाण केली.

"आई, टिलर फिरवून माती उलटीपालटी करतो. सगळं मिक्स होऊन जाईल," जयदीप म्हणाला.

"नको रे राजा. ह्यांनी ही माती माझ्यासाठी राखून ठेवली. तिच्यात कचरा नाही मिसळायचा."

तेव्हापासून जप झाला की काकू वाफ्याशी बसत आणि एकेक तुकडा वेचत. गुडघे दुखत, तरी वेचत. मग त्यांनी शेवंती लावली. काल दाटीतलं एक रोप उपटून पाहिलं. मुळं पांढरी स्वच्छ, गाठ म्हणून नाही.

"अहो, बघितलंत का?" काकू मोठ्याने म्हणाल्या.

मग रोप तसंच हातात धरून त्या कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

मित्रांनो, माती आजारी पडली तर विष ओतण्याआधी तिला ऊन द्या. पण काम झालं, की माझ्यासारख्याला वेळेवर उचला, पुसून घडी घाला. कुणी जाता जाता आपल्यासाठी स्वच्छ करून ठेवलेली माती आपल्याच विसराळूपणाने मळू देऊ नका.