पाटीवरचा भाव

"आकडा सांग," बाबा म्हणाले.

पत्र्याची पाटी दोन स्टुलांवर आडवी ठेवली होती आणि लाल रंगात बुडवलेला त्यांचा ब्रश तिच्यावर अधांतरी थांबला होता. वरच्या तीन ओळी लिहून झाल्या होत्या. साधा रंग, जेल, नक्षी. तिन्हींपुढचे आकडे सुबक आणि एका उंचीचे. चौथी ओळ होती 'एका नखावर चित्र'. तिच्यापुढची जागा अजून रिकामीच होती.

"दोनशे लिहा," ती म्हणाली. मग लगेच, "नाही, दीडशे. थांबा, दोनशेच असू दे."

"किती वेळ लागतो एका चित्राला?"

"पाऊण तास. अवघड असलं तर तास."

"आणि शिकायला?"

"दोन वर्षं लागली. पण बाबा, लोक नख बघतात, वर्षं नाही बघत. एवढ्याशा नखाचे एवढे पैसे, असं तोंडावर म्हणतात."

"लोकांना कुठे विचारतोय मी? तुला विचारतोय. ऑइलपेंट आहे हा, एकदा लिहिला की पुसला जाणार नाही. नीट विचार कर आणि सांग."

ब्रशच्या टोकाशी थेंब फुगला. तो त्यांनी डब्याच्या काठावर निथळवला आणि ब्रश पुन्हा होता तिथे आणला. घाई अशी कसलीच नव्हती. शेवटी तिनं खाली बघत, चोरी कबूल करावी तसं सांगितलं, "साडेतीनशे."

"मोठ्यानं."

"साडेतीनशे!"

त्यांनी मान डोलावली आणि तीनचा वरचा गोल एका दमात ओढला.

सगळा भाग त्यांना पेंटर म्हणूनच ओळखायचा. बाजारातल्या निम्म्या दुकानांवरच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. पुढे फ्लेक्स आले, काम आटलं, तरी रंगाचे डबे त्यांनी घराबाहेर काढले नाहीत. मुलगी नखं रंगवायचं शिकतेय म्हटल्यावर सुरुवातीला त्यांनी नाक मुरडलं होतं. त्यांचा आक्षेप रंगवण्याला नव्हता, टिकण्याला होता.

"तीन आठवड्यांत नख वाढणार, चित्र कापलं जाणार. माझी पाटी वीस वर्षं हलत नाही."

"म्हणून तर माझं गिऱ्हाईक तीन आठवड्यांनी परत येतं," ती म्हणाली होती.

त्यांचं गिऱ्हाईक वीस वर्षं परत आलं नव्हतं, हे त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिचा सगळ्यात बारीक ब्रश मागून घेतला, भिंगाखाली धरला आणि बाहेर आलेला एक केस अलगद कापून परत दिला. ही परवानगीच मिळाली, असं ती धरून चालली.

सलूनच्या मालकीणबाईंना सगळ्या ताई म्हणत. ताईंनी तिला खिडकीजवळचा कोपरा दिला होता. एक टेबल, दोन खुर्च्या आणि नखं वाळवायचा छोटा दिवा. जाहिरातीत तिनं काही कमी केलं नव्हतं. नकली नखांवर वीसएक नमुने रंगवून ते दारातच दिसतील असे मांडले. प्रत्येक कामाचा फोटो काढून गिऱ्हाइकांना पाठवला. केस कापायला आलेल्या बाईच्या करंगळीवर एखादं फूल फुकट काढून दिलं, म्हणजे उरलेली नऊ बोटं तिला घरी गप्प बसू देणार नाहीत. पहिल्या आठवड्यासाठी सगळं निम्म्या भावात ठेवलं. घोटाळा एवढाच झाला की तो पहिला आठवडा काही संपेना. कुणी पहिल्यांदा आलेली असे, कुणी दुसऱ्यांदा आली म्हणून हक्कानं मागे, कुणी मैत्रिणीला घेऊन येई, कुणी पुढच्या वेळी आणीन म्हणे. 'बघ की गं थोडं' एवढं कानावर पडलं की तिची जीभ घसरलीच. पाटीवर साडेतीनशे आणि हातात दोनशे, असा कारभार चालला होता.

"काम सोन्यासारखं करतेस," ताई एकदा कात्री पुसता पुसता म्हणाल्या, "आणि विकतेस उरलेल्या पालेभाजीसारखं. या महिन्यात कोपऱ्याचं भाडं निघालं नाही तर तिथे केस धुवायचं बेसिन बसवते. राग मानू नकोस, मलाही दुकान चालवायचंय."

राग तिला आलाच नाही. ताईंचं बरोबर होतं, हेच तर दुखत होतं.

त्याच आठवड्यात ती बाबांबरोबर बाजारातून परतत होती. जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. त्यांनी दोन्ही हातांची बोटं बाबांच्या नाकासमोर पसरली.

"बघा पेंटर, पोरीच्या हातात जादू आहे हो तुमच्या! आणि स्वभाव किती गोड. पाटीवर ते साडेतीनशे-बिडशे काय लिहिलंय, मला दीडशेत करून दिलं. म्हटलं, पाटीचं काय एवढं खरं असतं!"

काकू कौतुकच करत होत्या. तिनं मात्र बाबांकडे बघायचं टाळलं आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली. त्या दिवशी जेवताना त्यांनी मीठसुद्धा मागितलं नाही. ताट उचलताना एवढंच म्हणाले, "एका दुकानदाराला पाटीवर स्थापनेचं साल दहा वर्षं मागचं हवं होतं. घेतलेला ॲडव्हान्स परत दिला मी. खोटी पाटी माझ्या हातून कधी गेली नाही."

तिला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. ती नळ मोठा सोडून भांडी घासत राहिली.

शनिवारी सलून खच्चून भरलं होतं. दोघी ड्रायरखाली, एक आरशापुढे, बाकावर तिघी, आणि त्यांत काकू, आणखी एका नखावर चित्र काढून घ्यायला. दार उघडलं आणि इस्त्रीचा शर्ट घातलेले बाबा आत आले. बायकांनी पदर-ओढण्या सावरल्या. कुणीतरी खुदकन हसलं.

"या पेंटर," ताई म्हणाल्या. "पाटीचा रंग गेला की काय?"

"माझा रंग जात नाही. गिऱ्हाईक म्हणून आलोय."

ते सरळ कोपऱ्यात गेले, खुर्ची ओढून बसले आणि उजवा हात टेबलावर ठेवला. काकूंनी आपला नंबर आनंदानं सोडला. असा तमाशा रोज कुठे बघायला मिळतो!

"या अंगठ्यावर चित्र काढायचंय," बाबा म्हणाले. "तुझं जे सगळ्यात महाग असेल ते. किती?"

तिला वाटलं, ते चेष्टा करताहेत. "बाबा, तुमच्याकडून काय—"

"किती?"

"साडेतीनशे."

"दोनशे घे."

ती बघतच राहिली. या माणसानं आयुष्यात भाजीवालीशीसुद्धा घासाघीस केली नव्हती. भाव विचारायचा, पटला तर पैसे ठेवायचे, नाही तर चालू पडायचं, ही त्यांची रीत. आणि आज ते भर दुकानात, स्वतःच्या मुलीसमोर, दोनशेवर अडून बसले होते.

"अगं घे की," काकू बाकावरून म्हणाल्या. "बाप आहे तुझा."

"बापाकडून कसले पैसे घ्यायचे!" ड्रायरखालची बाई ओरडली. तिला कमी ऐकू येत होतं, त्यामुळे ते सगळ्या दुकानाला ऐकू गेलं.

"ऐक, सगळ्या सांगताहेत," बाबा म्हणाले. "घरचा माणूस आहे, पहिल्यांदा आलोय. बघ की थोडं."

त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. पाटीवर ब्रश धरून थांबले होते तसेच ते आत्ता थांबले होते, घाई न करता. मग तिला कळलं. ताईंची कात्री थांबली.

"भाव पाटीवर लिहिलाय, बाबा."

"पाट्या काय, कुणीही रंगवतं."

"ही कुणीही रंगवलेली नाही," ती म्हणाली. "ज्यानं रंगवली त्याचा आकडा पुसला जात नाही. साडेतीनशे. परवडत नसेल तर साधा रंग लावून देते, त्याचा भाव वरच्या ओळीत आहे."

बाबांनी हात टेबलावर आणखी पुढे सरकवला.

"महाग आहेस," ते म्हणाले. "कर सुरू."

तो अंगठा सोपा नव्हता. नखाच्या कडांत वर्षानुवर्षांचे रंग मुरले होते आणि कधीकाळी बसलेल्या हातोडीनं मध्ये एक उभा उंचवटा आला होता. तिनं तो कानशीनं हळूहळू उतरवला, कातडी मागे सारली, पांढरा थर दिला, दिव्याखाली वाळवला. मग बारीक ब्रश घेतला. तिच्या टेबलावर इतका स्थिर हात आजवर कुणी ठेवला नव्हता. काम करताना तिची करंगळी त्यांच्या तळहातावर टेकलेली होती. तेही पाटीवर करंगळी टेकवूनच लिहीत. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बाबांनी त्या करंगळीकडे एकदा पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं.

बाकावरच्या एकेक जणी उठून मागे येऊन उभ्या राहिल्या. निळं आकाश झालं, शिडी झाली, शिडीवर पाठमोरा माणूस झाला. त्याच्या हातात ब्रश आणि समोर दुकानाची पाटी. एवढ्याशा नखावर माणसाच्या शर्टाची चुणीसुद्धा दिसत होती. कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. तिचे कान गरम झाले, पण मान खाली गेली नाही. आपलं काम चांगलं आहे हे तिला माहीत होतं. आज ते सगळ्यांसमोर माहीत असायची लाज वाटली नाही.

"माझंही चित्र काढ आज," काकू जरा घुश्शातच म्हणाल्या. "पाटीवरच्या भावात. काय करणार, बापाला सोडलं नाही, मला काय सोडणार आहे ही!"

बायका हसल्या. ताई हसल्या नाहीत, त्यांनी कात्री पुन्हा चालू केली आणि बाकावरच्या दोघींना विचारलं, "तुम्हाला पण नखांसाठी पुढचा शनिवार लिहून ठेवू का?"

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि अंगठा डोळ्यांजवळ नेला. शिडी बघितली, माणूस बघितला. जुन्या कामाची पाहणी करावी तसे ते बराच वेळ बघत राहिले.

"शिडी बरोबर टेकवलीस," ते म्हणाले. मग कपाळाला आठी पडली. "पण पाटी कोरीच ठेवलीस की."

"त्यावर काय लिहू?"

"रंगवणाऱ्याचं नाव लिही. तुझं."

तिनं ब्रश पुसला, टोक ओठांजवळ आणून निरखलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. "अक्षराचे वेगळे पडतील."

"किती?"

"अक्षराला पन्नास."

हा भाव पाटीवर नव्हता. तिनं तो तिथल्या तिथे ठरवला होता आणि जीभ जराही अडखळली नव्हती. बाबांनी मनातल्या मनात तिचं नाव म्हटलं, ओठ हलले तेवढे. मग अंगठा पुन्हा टेबलावर ठेवला.

"लिही," ते म्हणाले. "तीन अक्षरी ठेवलं तेच बरं केलं."