आवाजाचे पाच गुण

बाईंनी चपला हातात घेतल्या आणि कपाटांच्या रांगेमागून आपल्या टेबलाशी आल्या. शिक्षकांच्या खोलीचे कपाटांनीच दोन भाग केलेले होते आणि पलीकडे नवे सर इंग्रजीची तोंडी परीक्षा घेत होते. बसताना बाईंची खुर्ची करकरली. त्यांनी जीभ चावली.

पलीकडे कुणीतरी मुलगी इंग्रजीत बोलत होती. आवाज अगदी हलका, पण बोलणं कसं धो धो वाहत होतं. असेल सरांच्याच वर्गातली कुणी, असं बाईंच्या मनात आलं आणि मागोमाग त्या चमकल्या. सरांचा वर्ग तर त्यांनीच आत्ता तपासून संपवला होता!

यंदा दोघांनी वर्ग बदलून तोंडी घ्यायची असं ठरवलं होतं. बाईंची नववी सरांकडे, सरांची बाईंकडे, म्हणजे आपला तो बाब्या व्हायला नको. गुणांचा तक्ताही दोघांनी एकत्र बसून, भांडून भांडून केला होता. सरांना आवाजाला गुणच नको होते.

"अहो सर, ऐकूच आलं नाही तर ते इंग्रजी काय चाटायचंय?" बाई म्हणाल्या होत्या.

आवाजाचे पाच गुण राहिले. बदल्यात सरांनी एक नियम घालून घेतला: मूल बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. एवढंच ना, म्हणून बाईंनी तो हसत हसत मान्य केला.

त्यांचा स्वतःचा मंत्र एकच, 'लाउडर!' पोरं मागून त्यांना लाउडरबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. त्यांच्या हाताखाली भलीभली लाजाळू पोरं खणखणीत बोलायला लागली होती. अपवाद एकच, खिडकीशी बसणारी ती मुलगी. ती उभी राहायची, तिचे ओठ हलायचे, बाई गरजायच्या आणि ओठही थांबायचे. शेवटी बाईंनी हात टेकले. तोंडीत पास झाली नाही तर पुढल्या वर्षी कच्च्या तुकडीत, हे त्यांनी तिच्या आईला बोलावून सांगितलंसुद्धा. आई समोर बसून जांभया दाबत होती. लेकीच्या शिक्षणाचं काही सोयरसुतकच नाही या बाईला, म्हणून बाईंचं डोकं तडकलं होतं.

दोन कपाटांच्या फटीतून त्यांनी वाकून पाहिलं, आणि त्यांचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. खुर्चीत तीच होती! खिडकीशी बसणारी!

अगं बाई, ही बोलते? हात हलवत, सरांकडे बघत, मध्येच हसत ती बोलत होती. दोन वर्षं आपल्यासमोर बसली आणि आपल्याला हिचा आवाजसुद्धा ओळखता येऊ नये? बाईंचा चेहरा कानापर्यंत तापला. पण त्याहून जास्त त्यांना आनंद झाला, पोटच्या पोरीनं पहिलं पाऊल टाकावं तसा.

विषय होता 'माझं घर'.

घर एका खोलीचं आहे, मुलगी सांगत होती. आई रात्रपाळीला जाते आणि दिवसा झोपते, म्हणून आम्ही सगळे हळू बोलतो. धाकट्या भावाला मी आवाज न करता हसायला शिकवलंय. भांडी खाली ठेवताना आधी त्यांच्याखाली बोटं ठेवायची, मग बोटं हळूच काढून घ्यायची. एकदा माझ्या हातून ताट पडलं. आई दचकून उठली, आणि मग...

आवाज आणखी खाली गेला. मग काय? बाईंनी श्वास रोखला, कान फटीला लावला. पुढचं ऐकायचंच होतं त्यांना, अगदी जिवापाड.

"लाउडर!"

खोली दणाणली. कोण ओरडलं ते बाईंना क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.



"बोल ना, मी ऐकतोय," सर म्हणाले.

काहीच नाही.

"बरं, वेगळं विचारू का?"

मुलगी उठून उभी राहिली. कपाटांकडे तोंड करून, शाळाभर ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली,

"सॉरी, मॅडम!"

 बाई तशाच अनवाणी कपाटांना वळसा घालून पलीकडे गेल्या. सरांच्या हातातलं पेन तक्त्यावर थांबलं होतं. त्यांनी बाईंकडे पाहिलं. मुलगी हात मागे बांधून, मान खाली घालून उभी होती. बाईंना पुष्कळ सांगायचं होतं, पुढचं विचारायचंही होतं. त्यांनी तोंड उघडलं, पण आयुष्यभर भिंती हलवणाऱ्या त्या गळ्यातून आवाजच फुटेना. आला तो नुसता श्वास.

"काय म्हणालात, मॅडम?" सरांनी पुढे वाकून विचारलं.

मुलीनं मात्र मान वर केली. तिला ऐकू आलं होतं.

"आई ना? आई रागावली नाही," ती हलक्या आवाजात म्हणाली.

मग तिनं कोपऱ्यातली दुसरी खुर्ची उचलली, ओढली नाही, आणि बाईंच्या मागे अलगद ठेवली. बाई बसल्या तेव्हा ती जराही करकरली नाही.