दाव्यासकट दिलेली एम-एटी

माझ्या दारात काळी स्कॉर्पिओ उभी असते आणि मी जळतो कुशाबाच्या एम-एटीवर. ऐकून कुणालाही हसू येईल. खुशाल हसा. पण ती एम-एटी आधी माझी होती, एवढं ध्यानात असू द्या.

मी रिहे गावचा जयसिंग. अठ्ठ्याण्णव साली पौडच्या एका मास्तरांकडून मी ती जुनी एम-एटी, बारकी दुचाकी, घेतली. माझी पहिली गाडी. सकाळी दोन्ही अंगांना दुधाचे कॅन लावायचे, आमच्या पहिल्या म्हशीच्या दाव्यानं करकचून बांधायचे आणि निघायचं. वस्तीवर जाऊन हॉर्न दिला की बाया चरव्या घेऊन बाहेर यायच्या. सगळं दूध गोळा करून पौडच्या डेअरीत घालायचं. बाजाराच्या दिवशी माझी बायको रत्नाही बरोबर असायची. मागच्या कॅरिअरवर पोत्याची घडी टाकून, दोन कॅनच्या मधे कशीबशी बसायची, एक हात माझ्या खांद्यावर. येताना रिकामे कॅन असे खडखडायचे की ती काय बोलतेय त्यातलं निम्मं मला कळायचं नाही. तरी मी हूं हूं करायचो. मधेच ती खांद्यावर चापट मारून विचारायची, "काय म्हनाले मी, सांगा बरं?" मग माझी पंचाईत.

दोन हजार सातात डोंगराकडचं रान फार्महाऊसवाल्याला दिलं. व्यवहार हैबतरावांनी जुळवला. हैबतराव म्हणजे आमच्या भागातले जमिनींचे मध्यस्थ, पांढरे कपडे, मोठं पोट, त्याहून मोठ्या ओळखी. महिन्याभरात स्कॉर्पिओ आली. आता दुधाच्या मागं कोण हिंडतो, म्हणून म्हशी काढल्या आणि एम-एटी कुशाबाला दिली. कुशाबा माझ्या भावकीतला, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. गाडीबरोबर वस्त्याही त्यालाच गेल्या.

आणि तिथंच माझं चुकलं. आमच्याकडं जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. दावं काढून घरात खुंटीला ठेवायचं, नाहीतर गोठ्याची बरकत जनावराच्या मागं चालती होते. कुशाबानं कॅनचं दावं सोडून माझ्यापुढं धरलं होतं. त्याला रीत ठाऊक होती. पण मी स्कॉर्पिओच्या तोऱ्यात. म्हणालो, "ऱ्हाऊ दे रं तुलाच. ह्या गाडीला काय दावं लागतंय?" रत्ना दारात उभी होती. "दाव्यासकट दिली व्हय?" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

त्या दिवसापासून माझे ग्रह फिरले म्हणा की डोकं फिरलं म्हणा. सकाळी सहाला वरच्या वस्तीवर हॉर्न वाजतो. माझा हॉर्न. मला अंथरुणात ऐकू येतो आणि अंगाचा तिळपापड होतो. धोंडाबाईच्या वस्तीवर आता कुशाबाला चहा मिळतो. पलीकडची म्हातारी त्याला गरम भाकरी हातावर देते. कुणाची सून बाळंत झाली, कुणाच्या पोराला चांदे गावची पोरगी बघायची, सगळं आधी कुशाबाला कळतं. गेल्या साली तर एक लग्नही त्यानं जमवलं आणि मांडवात त्याला मानाचा फेटा बांधला! तो फेटा माझ्या डोक्याचा होता. नऊ वर्षं वस्त्या मी जोडल्या, आणि हा आयत्या बिळावर नागोबा.

मला काय मिळतं? मी काचा वर करून, थंडगार हवा लावून त्याच रस्त्यानं जातो. माणसं गाडी बघून बांधावर सरकतात आणि पदरानं, उपरण्यानं नाक झाकून उभी राहतात. एकदा धोंडाबाई दिसली म्हणून मी काच खाली केली. "काय धोंडाबाई, बरं हाय का?" तर ती म्हणाली, "बरं हाय सायेब." मग डोळे बारीक करून बघितलं तिनं. "अगं बया, जयसिंग व्हय! मला वाटलं कोन जमीनवाला हाय." मी हसलो. आतून मात्र अशी कळ गेली की पौडपर्यंत गिअर कोणता टाकतोय याचं भान नव्हतं. शेजारी हैबतराव फोनवर बोलत होते. पुढची सीट त्यांचीच. तालुक्याला निघालो की वेशीपाशी ते उभेच असतात. माणूस मोठा, त्याला मागं कसं बसवायचं?

हे सगळं सोसलं असतं. पण दसरा सोसवत नाही.

एम-एटी दिली तेव्हा रत्नानं कुशाबाला बजावलं होतं, "दसऱ्याला तिला हितं आनायची. पैली पूजा माझ्या हातची. तिचं म्हायेर हाय हे." कुशाबा शब्दाला पक्का. दोन हजार आठच्या दसऱ्यालाही सकाळीच आला. एम-एटी धुऊन पुसून लख्ख. त्यानं ती नेमकी स्कॉर्पिओच्या शेजारी लावली.

स्कॉर्पिओची पूजा आधी झाली. रत्नानं बॉनेटवर हळदीकुंकवाची दोन बोटं लावली, झेंडूची माळ अडकवली, नारळ फोडला, झालं. देवळात रांग लागल्यावर पुजारी उरकतो तसं. मग ती एम-एटीकडं वळली. खाली पाट ठेवला. पुढच्या चाकावर पाणी घातलं, पदरानं हँडल पुसलं, दिव्यावर स्वस्तिक काढलं, ते जरा वाकडं आलं तर पुसून पुन्हा काढलं. खास वेगळी माळ केली होती, मधे मधे आंब्याची पानं. ओवाळताना काहीतरी पुटपुटली. आणि शेवटी कॅरिअरवर हात ठेवून उभी राहिली. बराच वेळ.

लग्नाला एकवीस वर्षं झाली. माझ्याकडं तसं तिनं कधी बघितलं होतं ते मला आठवेना. मी भंगाराच्या भावात गेली असती अशा गाडीवर जळत होतो, आणि ते मला पुरतं कळत होतं, तरी जळत होतो.

रत्ना कुशाबाला घेऊन चहाला आत गेली. अंगणात मी एकटा. नजर दाव्यावर गेली. तेच दावं, तेलकट, काळंभोर, कॅरिअरला गुंडाळलेलं. मला वाटलं, सगळी बरकत ह्यातच आहे. वस्त्या, चहा, फेटा, रत्नाची नजर, सगळं ह्याला बांधून गेलं. हे परत घरात आणलं की झालं. मी खाली बसलो आणि गाठ सोडायला लागलो. गाठ कुशाबाची होती, वेडीवाकडी. दातानं ओढली तेव्हा सुटली.

"काय करताय अवो?"

रत्ना दारात. हातात माझा चहा. मी दावं पाठीमागं धरलं. चाळिशी उलटलेला माणूस, स्कॉर्पिओचा मालक, आणि चोरी कसली तर दाव्याची.

"देऊ नये म्हनतात ना दावं," मी म्हणालो. "तूच म्हनली व्हतीस. परत घेतो. त्याच्यासंगं सगळं गेलं आपलं."

"काय गेलं?"

"सगळं! त्या कुशाला चहा, त्या कुशाला भाकरी. तू बी त्याच गाडीला वोवाळतीस. आपल्या गाडीला दोन बोटं लावलीस नुस्ती. मला काय दिसत न्हाई का?"

तिनं चहा ओट्यावर ठेवला. मला वाटलं हसेल. हसली नाही.

"कोनची आपली गाडी?" ती म्हणाली. "ह्या गाडीत मी कुटं बसते, सांगा की. मागं. पिशव्यांत. म्होरं हैबतराव. दीड वरीस झालं, त्या मानसाची मान बघत पौडला जाते न् मान बघत येते. तुमी बोलता त्यांच्यासंगं, हसता त्यांच्यासंगं. मी काय बोलले तर गानं मोठं करता. आन् तुमी कुशावर जळताय? मी त्या हैबतरावावर किती जळते, इचारलं कदी?"

पाठीमागं धरलेलं दावं मी पुढं घेतलं.

"एम-एटीवर खांद्यावर हात ठिवायचा हक्क माझा व्हता," ती हळू म्हणाली. "त्या जागंची पूजा करते मी. गाडीची न्हाई."

एवढ्यात कुशाबा मिशी पुसत बाहेर आला. रत्ना माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "तुमच्या हातानं दिलंय, तुमच्या हातानंच बांधा."

मी पुन्हा खाली बसलो. दावं दोनदा कॅरिअरवरून घेतलं, खालून ओढलं आणि जुन्या सवयीनं बोटांनी आपोआप फास टाकला. कुशाबा वाकून बघत होता. "दादा, ही गाठ मला अजून येत न्हाई बगा. खड्ड्यात कॅन हालतातच. शिकवा की." मी त्याला दोनदा करून दाखवली. खरं सांगतो, तिसऱ्यांदा त्याला जमली तेव्हाही पोटात थोडं दुखलंच.

दुपारी पौडला सोनं द्यायला निघालो. रत्ना नेहमीसारखी मागचं दार उघडायला गेली. मी आतून पुढचं दार उघडलं. ती थांबली. मग आपट्याच्या पानांची पिशवी मांडीवर घेऊन पुढं बसली. सीट हैबतरावांच्या पोटाच्या मापानं पार मागं गेलेली होती. तिचे पाय पुढं पोचेनात. मी खाली हात घालून सीट पुढं ओढली.

वेशीपाशी हैबतराव उभे होतेच. सवयीनं त्यांनी पुढच्या दाराला हात घातला, आत रत्नाला बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. माणूस मोठा, अजून एक तुकडा त्यांच्याच हातून विकायचा होता.

"मागं बसा हैबतराव," मी म्हणालो.

ते पिशव्या सरकवत मागं बसले. थोडं अंतर गेल्यावर पुढं वाकून म्हणाले, "जयसिंगराव, हितनं काय दिसंना बुवा."

रत्ना समोर बघत म्हणाली, "मलाबी दिसत न्हवतं."

मी गाणं बंद केलं. थोड्या वेळानं खांद्यावर एक चापट बसली.